मिठाने भोकं पाडलेला स्कॅफोल्ड: भोकं दिसतात पण पेशी आत जातच नाहीत! मदत हवी

रसायनी_राधा | ४ जुलै, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मुंबईत एम.टेक. करतेय, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट आहे हाडासाठी सच्छिद्र स्कॅफोल्ड बनवायचा. म्हणजे शरीरात हळूहळू विरघळून जाणारं पॉलिमर घ्यायचं, त्याचा स्पंज करायचा, त्यात पेशी सोडायच्या, त्या आत पसरून आपलं हाड बांधतात आणि तोवर पॉलिमर निघून जातं. बांधकामाच्या परातीसारखं (मला परांची म्हणायचं होतं, भूक लागलीय).

माझी पद्धत सगळ्यात जुनी आणि स्वस्त, मीठ घालून नंतर धुवून काढायची. १ ग्रॅम पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, ८०,००० रेणुभाराचं), १० मिली क्लोरोफॉर्म, त्यात ९ ग्रॅम मीठ, २५० ते ४२५ मायक्रॉनमध्ये चाळलेलं. काचेच्या ५ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये ओतलं, फ्यूम हूडमध्ये रात्रभर, मग दोन दिवस व्हॅक्यूमला, मग डिस्टिल्ड पाण्यात ४८ तास, दर सहा तासांनी पाणी बदललं (रात्री तीनचा गजर लावून, हॉस्टेलवाल्या पोरी शिव्या घालतात). शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर अजिबात पांढरं झालं नाही, म्हणजे मीठ गेलं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये वरून फोटो काढले तर भोकंच भोकं, सर खूश. पण एमजी-६३ पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या हाडाच्या जातीच्या पेशी) टाकल्या आणि सातव्या दिवशी मधून कापून पाहिलं तर सगळ्या वरच्या पृष्ठभागावर गालिचा अंथरल्यासारख्या, आत एकही नाही. दोनदा केलं, दोनदा तेच. ऑक्टोबरमध्ये सबमिशन आहे. काय चुकतंय?

---

वामकुक्षी | ५ जुलै, सकाळी ७:१०

यातलं शष्प कळलं नाही पण वाचायला मजा आली. एक बाळबोध प्रश्न, प्लास्टिक अंगात विरघळतं म्हणजे जातं कुठे? हसू नका.

---

डॉ_हाडमोडे | ५ जुलै, सकाळी ८:३५

@वामकुक्षी, हसण्यासारखं काही नाही, पेशंटही हेच विचारतात. घरात कोणाचं सिझर किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का? "आतले टाके विरघळतील" असं सांगतात ना, ते टाके याच कुळातले. पॉलिग्लायकोलिक अॅसिडचे टाके १९७० च्या सुमाराला बाजारात आले, मग काही वर्षांनी व्हिक्रिल आलं, ते ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड. पाणी त्या साखळ्या तोडत जातं, व्हिक्रिल साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण जातं. लॅक्टाइडचं होतं लॅक्टिक अॅसिड, तेच जे दह्यात असतं आणि जिने चढल्यावर आपल्या पोटऱ्यांत तयार होतं, शरीर ते जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं. राधाचं पीसीएल मात्र निवांत गडी, त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

आणि हे सगळं कशासाठी, तर आज माझ्याकडे हाडात मोठी पोकळी असलेला पेशंट आला की मी त्याच्याच कमरेचं हाड काढून तिथे भरतो. पाय बरा होतो आणि पेशंट सहा महिने कमरेच्या नावाने बोंबलतो. शिवाय कमरेत हाड असून असून असणार किती. त्यामुळे पोरी, तू तुझं काम कर, आम्ही वाट बघतोय.

---

बेकरीवाला_नातू | ५ जुलै, सकाळी ९:०२

मिठाने भोकं पाडतात?? आमच्याकडे तीन पिढ्या सोड्याने पाडतात :-) ताई अनारशाच्या जाळीचा अभ्यास करा आधी.

---

पेणचा_मिठागरी | ५ जुलै, सकाळी १०:२०

राधा, मी रिटायर्ड माणूस, उभा जन्म पॉलिमरमध्ये गेला. दोन-तीन गोष्टी विचारतो, नीट उत्तरं दे.

१ ग्रॅम पॉलिमर घातलंस. धुवून सुकवल्यावर तुकड्याचं वजन किती भरलं? सगळ्या तुकड्यांचं मिळून.

फोटो वरून काढलास, खालून काढलास का? म्हणजे डिशच्या काचेला टेकलेली बाजू.

आणि कापलेल्या कडेचा फोटो? कापलास कसा, ब्लेडने दाबून की द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडून?

---

रसायनी_राधा | ६ जुलै, रात्री १:१५

काका आज लॅबमध्ये जाऊन आधी वजन केलं आणि तिथेच स्टुलावर बसले. १.४६ ग्रॅम!!! वजन करायचं सुचलंच नाही कधी, पाणी स्वच्छ आलं म्हणजे झालं असं धरून चालले होते.

खालून पाहिलं तर चकचकीत, कागदासारखी सलग फिल्म, एक भोक नाही. कापलं होतं ब्लेडने, त्यामुळे कड चेपलीय, काही कळत नाही.

जाता जाता कबुली, पहिल्या बॅचला मी प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये क्लोरोफॉर्म ओतला होता. सकाळी डिश, स्कॅफोल्ड आणि खालचा ट्रे असं तिघांचं एकच शिल्प झालं होतं. दुसरी बॅच लवकर सुकावी म्हणून ६५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये टाकली, पीसीएल ६० ला वितळतं हे तेव्हा डोक्यातच नाही, पापड निघाला.

---

बेकरीवाला_नातू | ६ जुलै, सकाळी ६:३०

पापड =)) ताई तुम्ही आमच्यातल्याच.

---

पेणचा_मिठागरी | ६ जुलै, सकाळी ११:०५

प्लास्टिकच्या डिशचं मनावर घेऊ नकोस, ती पॉलिस्टायरीनची, क्लोरोफॉर्ममध्ये साखरेसारखी जाते, प्रत्येकाच्या हातून एकदा होतं. आता मुद्द्याचं.

१.४६ म्हणजे तुझ्या तुकड्याचं जवळजवळ एक तृतीयांश वजन अजून मीठच आहे. सिल्व्हर नायट्रेट खोटं बोललं नाही, त्याला जे विचारलंस तेच त्याने सांगितलं: पाण्यात मीठ येत नाहीये. का येत नाहीये तर उरलेले खडे पॉलिमरच्या आत बंद खोलीत बसलेत, त्यांना दारच नाही. पाणी आत गेलं तर मीठ बाहेर येणार ना. आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे पेशी, जी पंधरा-वीस मायक्रॉनची असते, ती कुठून जाणार. तू भोकं मोजत बसलीस, वाटा मोजायला हव्या होत्या.

असं का झालं ते सांगतो. तुझं द्रावण पातळ आणि मीठ जड. मिठाची घनता २.१६, क्लोरोफॉर्मची दीडच्या आसपास, म्हणजे ओतल्या ओतल्या खडे तळाशी बसायला लागले. दोन खड्यांच्या मधल्या आणि खडा-काच यांच्या मधल्या फटीत पॉलिमरचं द्रावण शिरलं आणि तिथेच सुकलं, ती तुझी चकचकीत फिल्म. बिचारे खडे एकमेकांना टेकले असते तर मीठ धुतल्यावर टेकलेल्या जागी खिडकी पडली असती. पण प्रत्येकाच्या अंगावर पातळ कोट चढला. वरून क्लोरोफॉर्म भराभर उडाला की तिथेही साय धरते, दुधासारखी. तुझ्या वरच्या बाजूला खडे डोकं काढून असतील म्हणून तिथे भोकं दिसली, नशीब.

अजून एक. तू प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये "९० टक्के मीठ म्हणून ९० टक्के सच्छिद्रता" असं लिहिलं असशील, बरेचजण लिहितात. हे वजनाचे नव्वद आहेत गं. ९ ग्रॅम मीठ म्हणजे ४.१६ मिली, १ ग्रॅम पीसीएल म्हणजे ०.८७ मिली (घनता १.१४५). भागाकार कर, ८२.७ टक्के येतात. व्हायव्हाला कोणी शहाणा बसला असेल तर तिथेच पकडेल.

पद्धत मूळची वाईट नाही हां. मिकोस वगैरे संशोधक मंडळींनी १९९३-९४ च्या सुमाराला पॉलिलॅक्टिक अॅसिडवर हेच केलं, क्लोरोफॉर्म, चाळलेलं मीठ, ४८ तास पाणी, सगळं तुझ्यासारखंच. पण ते पातळ पापुद्रे होते, दोन-तीन मिमीच्या वर जाडी गेली की मधलं मीठ निघत नाही. त्यांनी मग पापुद्रे एकावर एक चिकटवून जाड आकार केले.

---

रसायनी_राधा | ६ जुलै, दुपारी १:४०

काका रिपोर्टमध्ये अगदी तेच वाक्य आहे. खोडलं. मग आता काय करू, मीठ वाढवू का? ९५ टक्के?

---

पेणचा_मिठागरी | ६ जुलै, दुपारी ४:१२

वाढवलंस तर जोडणी सुधारेल पण तुकडा हातात घेतल्यावर भुगा होईल. त्यापेक्षा मिठाला आधी एकमेकांना चिकटव, मग पॉलिमर ओत.

सध्या बाहेर काय चाललंय? पाऊस. तुझ्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मिठाची डबी उघडून बघ, ढेकूळ झालं असेल. आमचं पेणला मिठागर होतं, आजोबा बघायचे. वळवाचा एखादा शिडकावा झाला आणि परत ऊन पडलं की आगरातल्या मिठावर अशी खपली धरायची की फावड्याला दाद देत नसे. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, खड्याचा बाहेरचा थर जरासा विरघळतो आणि जिथे दोन खडे टेकलेत तिथे परत स्फटिक होऊन मान तयार होते. मिशिगनच्या लोकांनी २००२ च्या सुमाराला हीच गोष्ट स्कॅफोल्डसाठी मुद्दाम केली, मीठ ९५ टक्के आर्द्रतेत काही तास ते एक दिवस ठेवलं, मग पॉलिमर. त्या मानेच्या जागी नंतर मोठी खिडकी निघते.

करायचं कसं: डेसिकेटर (वस्तू कोरड्या ठेवायचं झाकणाचं भांडं) घे, सिलिका जेल काढून टाक, तळाला पोटॅशियम सल्फेटचं संपृक्त द्रावण ठेव, आत साधारण ९७ टक्के आर्द्रता राहते. साच्यात चाळलेलं मीठ भरून हलकं ठोक आणि बारा तास, अठरा तास, चोवीस तास असे तीन नग ठेव. फार वेळ ठेवलंस तर लगदा होतो, तेव्हा बघत राहा. मग ओव्हनमध्ये खडखडीत वाळव (इथे पॉलिमर नाही, ओव्हन चालेल!), थंड झालं की वजन कर. मग पीसीएल दहा टक्के नको, पंधरा कर, ओत आणि व्हॅक्यूमने आत ओढून घे. झाकण म्हणून सुईने भोकं पाडलेली अॅल्युमिनियम फॉइल लाव म्हणजे क्लोरोफॉर्म सावकाश उडेल. सुकल्यावर वरचा आणि खालचा अर्धा अर्धा मिमी ब्लेडने तासून टाक, सायीचा प्रश्नच मिटला. काचेऐवजी टेफ्लॉनची वाटी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

दुकानातलं मीठ वापरू नकोस फक्त, त्यात ढेकूळ होऊ नये म्हणूनच औषध घातलेलं असतं आणि आयोडीन वेगळं. लॅबचंच घे.

---

कोथिंबीर | ६ जुलै, संध्याकाळी ५:००

पहिल्यांदाच कोणीतरी दमट मिठाचं कौतुक केलं. वाचतेय.

---

बेकरीवाला_नातू | ६ जुलै, रात्री ९:२५

बरं आता गंमत बाजूला. सोड्याचं खरंच विचारतो, गॅसने फुगवत का नाहीत? पाव फुगतो, ढोकळा फुगतो, मीठ धुवायची कटकटच नाही. आम्ही बिस्किटाला बेकरीचा अमोनिया घालतो (अमोनियम बायकार्बोनेट), भट्टीत सगळा उडून जातो, मागे काही उरत नाही.

---

पेणचा_मिठागरी | ७ जुलै, सकाळी ९:५०

नातू, तू गमतीत म्हणालास पण कोरियातल्या संशोधकांनी २००० साली अगदी हेच केलंय. पॉलिमरच्या घट्ट लगद्यात अमोनियम बायकार्बोनेटचे खडे मिसळायचे, साच्यात भरायचं, मग गरम पाण्यात किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात टाकायचं, फसफसून गॅस बाहेर पडताना भिंती फोडत जातो. म्हणजे खडा भोक पाडतो आणि गॅस दार उघडतो. राधाच्या पीसीएलला गरम पाणी नको मात्र, परत पापड होईल. लिंबूसत्वाचं गार पाणी.

नुसता गॅस म्हणशील तर तोही प्रकार आहे. मूनी, लँगर वगैरे संशोधकांनी १९९६ मध्ये पीएलजीएच्या (टाक्यांसारखंच लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचं पॉलिमर) चकत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ५.५ मेगापास्कल दाबाखाली ७२ तास ठेवल्या आणि दाब एकदम सोडला. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखं. ९३ टक्क्यांपर्यंत सच्छिद्रता मिळाली, क्लोरोफॉर्मचा थेंब नाही. पण तिथेही राधाचंच दुखणं, बुडबुडे एकमेकांपासून बंद. ढोकळ्यावर फोडणीचं पाणी घातलंस तर आत मुरतं ना? आणि थर्माकोलवर ओतलंस तर ओघळून जातं. दोन्हीत भोकं आहेत. आपल्याला ढोकळा पाहिजे आणि गॅसने निघतो थर्माकोल. म्हणून दोन वर्षांनी मूनीच्याच गटाने त्या गॅसवाल्या चकत्यांमध्येही मीठ घातलं.

---

बेकरीवाला_नातू | ७ जुलै, सकाळी ९:५८

काका __/\__ हा ढोकळा-थर्माकोल मी गिऱ्हाइकांना ऐकवणार.

---

पल्याडचा_पांडू | ७ जुलै, सकाळी ११:३०

सिंगापूरहून. राग मानू नका पण २०२० नंतर मीठ कोण वापरतं? थ्रीडी प्रिंटर घ्या, नोझलमधून वितळलेलं पीसीएल काढा, एक थर शून्य अंशात, पुढचा साठ, त्याच्या पुढचा एकशेवीस, मधली प्रत्येक फट तुम्ही ठरवलेली आणि सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, काकांची वाटांची भानगडच शिल्लक नाही. हुटमाखर यांच्या गटाने इथेच नॅशनल युनिव्हर्सिटीत २००० च्या आसपास हे सुरू केलं, त्यातून ऑस्टिओपोर कंपनी निघाली, २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरीही मिळाली. मेंदूच्या ऑपरेशनला कवटीला जे भोक पाडतात ते बुजवायला पीसीएलचं जाळीदार बूच. म्हणजे भोक बुजवायला भोकांचंच बूच.

---

रसायनी_राधा | ७ जुलै, दुपारी १२:१५

दादा प्रिंटर आहे आमच्या डिपार्टमेंटला, त्याच्यापुढे पीएचडीवाल्यांची रांग आहे आणि माझा नंबर येईपर्यंत मी आजी होईन. मीठ चाळायला रांग नाही.

---

पेणचा_मिठागरी | ७ जुलै, दुपारी १२:५०

पांडू, रास्त आहे तुझं. फक्त दोन गोष्टी. नोझल ०.४ मिमीचं असेल तर तुझा धागाच तीन-चारशे मायक्रॉनचा, त्याच्यापेक्षा बारीक नक्षी येत नाही आणि गुळगुळीत धाग्यावर पेशी घसरतात. म्हणून काही लोक पीसीएलमध्येच बारीक मीठ मळून मग प्रिंट करतात आणि नंतर धुतात. मोठ्या वाटा प्रिंटरच्या, बारीक भोकं मिठाची. मीठ काही सुटत नाही बघ.

---

पल्याडचा_पांडू | ७ जुलै, दुपारी १:०५

हे मान्य.

---

शंकेखोर | ७ जुलै, रात्री १०:४०

मी जरा विरजण घालतो. लँगर आणि व्हॅकांटी यांनी 'सायन्स'मध्ये टिश्यू इंजिनीअरिंगवर तो गाजलेला लेख लिहिला १९९३ ला. १९९७ चा पाठीवर कान असलेला उंदीर सगळ्यांनी पाहिलाय (आणि अजून लोक त्याला जनुकीय बदल म्हणतात, गाईच्या कूर्चेच्या पेशी आणि कानाच्या आकाराची विरघळणारी जाळी होती ती, बास). तीस वर्षं झाली. कुठे आहेत ते तयार अवयव? उलट स्वीडनमधलं सर्जन मॅकियारिनीचं प्रकरण बघा, २०११ मध्ये प्लास्टिकची श्वासनलिका बसवली, जगभर बातम्या, पेशंट दगावले, आणि २०२३ ला अपील कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. हे स्पंज-बिंज शोधनिबंधांपुरतेच असतात असं माझं स्पष्ट मत.

---

डॉ_हाडमोडे | ८ जुलै, सकाळी ७:५५

शंकेखोर, ते प्रकरण स्कॅफोल्डचं कमी आणि माणसाच्या गुर्मीचं जास्त. ती नळी विरघळणारीही नव्हती, आणि रक्तपुरवठा नसलेल्या नळीवर पेशी शिंपडल्या की ती जिवंत होईल हे मानण्याला पुरावा नव्हता. पेशीला ऑक्सिजन लागतो आणि तो रक्तवाहिनीपासून शे-दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे पोचत नाही. म्हणूनच तर भोकं जोडलेली हवीत, त्यातून केशवाहिन्या शिरल्या पाहिजेत. हाडासाठी तीनशे मायक्रॉनच्या वरची भोकं बरी म्हणतात ती याच कारणाने.

श्वासनलिकेचंच दुसरं उदाहरण देतो. मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०१२ ला एका तान्ह्या बाळाची श्वासवाहिनी सारखी मिटायची, तिला बाहेरून पीसीएलचं प्रिंट केलेलं पन्हाळं शिवलं. आत बसवलं नाही, पेशी सोडल्या नाहीत, कसलाही चमत्कार सांगितला नाही. नळी वाढून स्वतःच्या जोरावर उभी राहीपर्यंत आधार द्यायचा आणि दोन-तीन वर्षांत विरघळून जायचं एवढंच काम. बाळ घरी गेलं. तयार हृदय-यकृत मिळालं नाही हे खरंय, पण दातवाले विरघळणारे पडदे रोज वापरतात, आमचे विरघळणारे स्क्रू आहेत. माझी तक्रार वेगळी आहे: तुमचे हे ऐंशी-नव्वद टक्के भोकांचे स्पंज बोटाने दाबले तरी बसतात. आतलं जाळीदार हाड २ ते १२ मेगापास्कल सोसतं. मांडीच्या हाडात मी ते नुसतं ठेवू शकत नाही, बाहेरून प्लेट लागतेच.

---

शंकेखोर | ८ जुलै, सकाळी ९:२०

डॉक्टर, अडीच मुद्दे मान्य. अर्धा राखून ठेवतो.

---

निर्जंतुक_नीता | ८ जुलै, रात्री ११:१०

मी मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत क्वालिटीला आहे, उशिरा धागा दिसला. कॉलेजात जे कोणी शिकवत नाही ते सांगते, राधा, तुझा स्कॅफोल्ड कितीही सुंदर झाला तरी शेवटी आमच्या टेबलावर येऊन दोन प्रश्नांवर अडकतो.

पहिला, क्लोरोफॉर्म किती उरलाय? औषधांच्या नियमात क्लोरोफॉर्मची मर्यादा ६० पीपीएम आहे आणि डायक्लोरोमिथेनची (तसंच दुसरं द्रावक) ६००. दहापट फरक! म्हणून उद्योगात डायक्लोरोमिथेनकडे कल असतो. पण ते ४० डिग्रीला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ ला, म्हणजे भराभर उडणार आणि काकांची ती साय अजून जाड धरणार. एकीकडून सोडवलं की दुसरीकडून गाठ बसते. हातमोज्यांवर विसंबू नकोस बरं का, निळ्या नायट्राइलमधून क्लोरोफॉर्म बघता बघता आरपार जातो, सांडलं की लगेच बदल.

दुसरा, निर्जंतुक कसं करणार? ऑटोक्लेव्हची वाफ १२१ डिग्री, गेलं. गॅमा किरणांचा २५ किलोग्रेचा डोस, आकार राहतो पण पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, पीएलजीएला तर चांगलाच फटका बसतो, मग जो तीन महिने टिकायचा तो दोनच टिकतो. इथिलीन ऑक्साइड गॅसला ओलावा आणि ऊब लागते, पीएलजीए ४५-५० ला मऊ पडतं, ओलाव्यात त्याहून लवकर, मागे एकदा आमचा अख्खा लॉट आक्रसून निघाला होता, एक एक चकती सुपारीएवढी, मी तो दिवस विसरणार नाही. आणि गॅस भोकाभोकांत मुरतो तो हवेशीर ठेवून काढत बसा. तू लॅबमध्ये ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही वापरत असशील, पेशींच्या प्रयोगापुरतं ठीक, पण त्याने बीजाणू मरत नाहीत, रिपोर्टमध्ये "निर्जंतुक" शब्द जपून लिही.

---

पेशींची_आई | ९ जुलै, सकाळी ६:४५

पहाटे पाचला पेशींना मीडियम (त्यांचं खाद्यपाणी) घालायला उठणाऱ्या जमातीची मी. राधा, काकांनी अर्धं दुखणं पकडलं, उरलेलं अर्धं माझ्याकडे. पीसीएलला पाणी आवडत नाही. तू कोरडा स्कॅफोल्ड सरळ मीडियममध्ये टाकलास ना? तो तरंगला असेल. आतल्या प्रत्येक भोकात हवा अडकून बसते, अळूच्या पानावरचं पाणी बघ, तसं मीडियम वरच राहतं आणि पेशीही वरच. आधी शुद्ध इथेनॉलमध्ये बुडव, थोडा व्हॅक्यूम दे, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मग ७० टक्के, मग ५०, मग बफर (पेशींना सोसेल असं खारं पाणी) तीन वेळा, मग रात्रभर मीडियममध्ये. सुकू द्यायचा नाही मध्ये.

आणि पेशी प्लेटच्या अख्ख्या खळग्यात (वेलमध्ये) ओतायच्या नाहीत. थोड्याशा मीडियममध्ये भरपूर पेशी घेऊन थेंब थेंब वरून सोड, दोन-तीन तास इन्क्युबेटरमध्ये तसाच ठेव, चिकटल्या की मग मीडियम भर.

अडकलेल्या मिठाचा अजून एक त्रास, ते कल्चरमध्ये हळूहळू झिरपतं आणि मीडियम खारट होतं, पेशी आक्रसतात आणि आपण म्हणतो मटेरियल विषारी आहे. एमटीटी (जिवंत पेशी मोजायची रंगाची चाचणी) करत असशील तर जांभळे स्फटिक आत भोकांत अडकतात, रीडिंग कमी येतं. त्याऐवजी अलामार ब्लूची चाचणी कर, पेशीही जिवंत राहतात.

---

रसायनी_राधा | ९ जुलै, सकाळी ८:२०

तरंगला होता!!! मी चिमट्याने दाबून धरलं होतं त्याला. तुम्ही सगळे कुठे होतात गं इतके दिवस.

---

पेणचा_मिठागरी | ९ जुलै, सकाळी १०:००

पेशी टाकायच्या आधी एक दहा रुपयांची टेस्ट कर. ७० टक्के इथेनॉलमध्ये खायचा रंग कालव, स्कॅफोल्ड टिपकागदावर ठेव आणि वरून एक थेंब सोड. खाली कागदावर डाग उमटला तर वाट आहे. उमटला नाही तर पेशी वाया घालवू नकोस.

---

वामकुक्षी | २१ जुलै, दुपारी ३:३०

धागा वर काढतोय. राधाताई, काय झालं पुढे? मी बायकोला सांगून ठेवलंय की मिठाच्या डबीत तांदूळ घालू नको.

---

रसायनी_राधा | २ ऑगस्ट, रात्री १०:५५

आले आले, सॉरी, मध्ये सेमिनार होता.

बारा तासांचा नग हलवल्यावर भुरभुरला, चोवीसचा तळाला ओलसर लगदा झाला, अठराचा मस्त, हातात घेतला तर बर्फीच्या वडीसारखा. वाळवून ९.०० ग्रॅम. पंधरा टक्के पीसीएल ओतून व्हॅक्यूम दिला, फॉइलचं झाकण, हूडमध्ये दोन दिवस, मग व्हॅक्यूम ओव्हन ४० ला (४० ला!! चिठ्ठी लावून ठेवलीय). सुकल्यावर ९.४७. म्हणजे पॉलिमर ०.४७. धुवून सुकवल्यावर ०.४८. तीनदा वजन केलं. सिल्व्हर नायट्रेटपण केलं, पण आता त्याच्यावर एकटीचा विश्वास नाही.

मग दोन्ही बाजू तासल्या आणि रंगाची टेस्ट. केशरी रंग मेसमधल्या मावशींकडून आणला. जुन्या स्कॅफोल्डवर थेंब सोडला तर मणी होऊन अर्धा तास वरच. नव्यावर सोडला आणि मी घड्याळ लावायच्या आत खाली कागदावर केशरी. लॅबमध्ये ओरडले, सर केबिनमधून बाहेर आले, त्यांना वाटलं आग लागली.

अडचणही सांगते, खूप नाजूक झालाय, डॉक्टर म्हणाले तसा बोटाने बसतो, तासतानाच दोन मोडले. वीस टक्के करून बघते पुढच्या वेळी, आत ओढला जाईल का माहीत नाही, फार घट्ट असतं. द्रव नायट्रोजनमध्ये मोडून कडेचा फोटो काढला, भिंतींमध्ये गोल गोल खिडक्या दिसतात, काका तुमच्या माना.

पेशी काल सोडल्या, थेंब थेंब, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. तरंगला नाही.

---

पेणचा_मिठागरी | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

शाब्बास. वीस टक्क्यांना व्हॅक्यूम एकदम देऊ नकोस, दोन-तीनदा देऊन सोड, आत जाईल. आणि तिन्ही तासांचे फोटो शेजारी शेजारी लाव रिपोर्टमध्ये, भुरभुरलेलासुद्धा.

---

पेशींची_आई | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

सातव्या दिवसापर्यंत उघडून बघायचा मोह आवर. मीडियम एक दिवसाआड.

---

बेकरीवाला_नातू | ३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

बर्फीच्या वडीसारखा म्हणे. भूक अजून भागलेली दिसत नाही ताई.

---

रसायनी_राधा | ३ ऑगस्ट, दुपारी १:३०

नाहीच :-) जाता जाता, टेफ्लॉनची छोटी वाटी मुंबईत कुठे मिळेल? काचेवरून सोडवताना अजून एक मोडला.

---

निर्जंतुक_नीता | ३ ऑगस्ट, दुपारी २:१०

प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाची दुकानं आहेत तिथे विचार. शनिवारी दुपारनंतर जाऊ नकोस, बरीचशी शटर खाली असतात.